बायोडाटातून शेत आणि दुकान पुसू नका : एका फिरत्या संदेशाला उत्तर

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये नोकरीच्या मुलाखतीविषयीचा एक संदेश सतत फिरत आहे. त्यातील सल्ला थोडक्यात असा : खेड्यातील उमेदवाराकडे पदवीखेरीज सांगण्यासारखे काही नसते, म्हणून बायोडाटात ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’, ‘लीडरशिप’ हे शब्द घालावेत; शेती किंवा घरच्या दुकानाचा उल्लेख टाळावा; शिक्षणानंतर रिकामी गेलेली वर्षे ओळखीतून मिळवलेल्या अनुभवपत्राने भरून काढावीत; उणीव विचारली तर ‘मी कामात फारच काटेकोर आहे’ असे सांगावे; आणि इंग्रजी बोलता येत नसेल तर कंपनीच्या मुलाखतीला जाऊच नये. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी नऊ वर्षांपासून नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. या सल्ल्यामुळे चांगल्या मुलांचे होणारे नुकसान मी समोर बसून पाहतो, म्हणून हे उत्तर.

सांगण्यासारखे काही नसते, हा पहिला दावा आणि शेती लपवा, हा दुसरा, हे दोन्ही मिळून सर्वांत जास्त हानी करतात. परभणी जिल्ह्यातून आलेल्या, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेल्या एका मुलाच्या बायोडाटात टक्केवारी आणि हीच तीन विशेषणे होती. घरी काय करतोस, असे विचारल्यावर मात्र तो मोकळा झाला. त्यांच्या विहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळत असे. चालू मोटारीला वीज देणाऱ्या तीन फेजांपैकी (तारांपैकी) एक गेली की ती उरलेल्या दोन फेजांवर ओढत राहते, प्रवाह वाढतो आणि वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी, जळते, हे त्याने ओळखले होते आणि स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करणारे उपकरण, बसवला होता. त्यानंतर मोटारीची वाइंडिंग पुन्हा भरावी लागली नव्हती. ठिबकच्या फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहून फिल्टर तुंबल्याचे कसे ओळखायचे, हेही त्याने नीट सांगितले. आमच्या मेंटेनन्स विभागाला नेमकी हीच नजर लागते. हे का लिहिले नाहीस, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, शेतीचं लिहू नका म्हणून सांगितलं होतं.” त्या उत्तराने मला फार वाईट वाटले, कारण माझ्या प्रश्नाची दिशा थोडी वेगळी असती तर तो मुलगा तसाच परत गेला असता.

स्वतःचे बळ ओळखण्याचा माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे गावातले, गल्लीतले, घरातले लोक आपल्याला कोणत्या कामासाठी हाक मारतात, हे पंधरा दिवस वहीत लिहून ठेवणे. जे काम आपल्याला सहज जमते ते आपल्याला कौशल्य वाटतच नाही, म्हणून आठवून लिहिण्यापेक्षा नोंद ठेवून पाहावे. आईच्या बचत गटाची मासिक बचत, अंतर्गत कर्ज आणि व्याज यांचा हिशेब ठेवणारी बी.कॉम.ची विद्यार्थिनी स्वतःला ‘अनुभव नाही’ म्हणते, पण दहा-पंधरा जणींच्या पैशाचा मेळ दरमहा पैशापर्यंत बसवणे हा अनुभवच आहे.

तिसरा मुद्दा विशेषणांचा. ‘मेहनती’ हा शब्द खोटा नसतो, परंतु तो प्रत्येक अर्जात असल्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी काय केले, किती केले आणि त्यामुळे काय बदलले, हे एका वाक्यात लिहावे. आणि कोणते वाक्य वर घ्यायचे ते जाहिरात वाचून ठरवावे. जालन्यात स्टीलच्या रोलिंग मिल आहेत आणि बियाण्यांच्या कंपन्याही आहेत, पण दोघांना एकच अर्ज पाठवून चालत नाही. संकरित कापसाच्या बीजोत्पादन प्लॉटवर संध्याकाळी कळ्यांतील पुंकेसर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी परागीकरण करण्याचे काम जिने दोन हंगाम केले आहे, तिने बियाणे कंपनीच्या अर्जात ते अगदी पहिल्या ओळीत लिहावे. मात्र चार एकर शेतीला ‘कृषी प्रकल्प व्यवस्थापन’ म्हणू नये. फुगवलेले शब्द पहिल्या प्रश्नालाच उघडे पडतात.

रिकाम्या वर्षांविषयीचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. ज्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो त्यांच्या नोकऱ्यांच्या नोंदी यूएएन या नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकाखाली राहतात, त्यामुळे पत्रात असलेली आणि तेथे नसलेली नोकरी पडताळणीत सापडू शकते आणि मिळालेले कामही जाऊ शकते. संभाजीनगर, लातूर किंवा पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेला दिलेली तीन वर्षे तशीच सांगावीत. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. त्यासोबत आता काय शिकत आहात हे दाखवता आले, उदाहरणार्थ एक्सेलमध्ये स्वतः तयार केलेला घरखर्चाचा तक्ता, तर विचारणाऱ्याचे बऱ्याच अंशी समाधान होते.

उणिवेच्या प्रश्नाला खरी पण दुरुस्त होत असलेली उणीव सांगावी. “व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) वाचताना माझी चूक होत असे, म्हणून आता प्रत्येक माप दोनदा घेतो,” हे उत्तर मला कोणत्याही पाठ केलेल्या उत्तरापेक्षा मोलाचे वाटते.

इंग्रजी लागतच नाही, असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे यंत्रावरचा संवाद मराठी-हिंदीत चालतो, पण ड्रॉइंग, कामाच्या सूचना आणि ग्राहकांचे ई-मेल इंग्रजीत येतात. त्यामुळे वाचता येणे आवश्यक आहे आणि अस्खलित बोलणे बहुतेक सुरुवातीच्या जागांना आवश्यक नाही. स्वतःची ओळख करून देणारा पाठ केलेला परिच्छेद सोडून द्यावा आणि आपण प्रत्यक्ष केलेल्या एका कामाविषयी दहा सोपी इंग्रजी वाक्ये स्वतः रचून मोठ्याने बोलून पाहावीत. मध्येच शब्द अडला तर मराठीत बोलण्याची परवानगी मागावी. परभणीच्या त्या मुलाने सिंगल फेजिंगचे कारण असेच अर्धे इंग्रजीत, अर्धे मराठीत सांगितले होते आणि आज तो आमच्या मेंटेनन्स विभागात रात्रपाळीला असतो.