माळढोक नान्नजला आणायचा, पण सोडायचा कुठं?

जैसलमेरकडून माळढोक पक्ष्याच्या नव्या पिल्लाची बातमी आली की आम्हा सोलापूरकरांच्या ग्रुपवर लगेच सुरू होतं, 'आता दोन-चार जोड्या नान्नजला पाठवा!' नान्नज म्हणजे आपल्या सोलापूरजवळचं माळढोक अभयारण्य. तिथं माळढोक मलाही हवेत हो. पण आत्ता नकोत.

राजस्थानात झालेलं काम थोरच आहे. 2019 पासून जैसलमेर जिल्ह्यात आधी सम आणि मग रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत, माळावरची अंडी उचलून, उबवून पिल्लं वाढवली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पण माळढोकाची मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. असं एकेक करून जमवलेलं पाखरू आपल्याकडं आणून तारेवर आपटवायचं का? नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. डोळे बाजूला, त्यामुळं समोरची तार दिसत नाही. दिसली तरी एवढं धूड ऐनवेळी वळत नाही.

आता आपला माळ बघा. नान्नजला चालत गेलात तर कुसळं मोज्यांत घुसून घरापर्यंत येतात, तेवढा भाग अजून खरा माळ आहे. त्याच्या कडेला द्राक्षाचे मांडव, पलीकडं ऊस, वर विजेच्या तारा आणि मधल्या गवतात भटकी कुत्री. वर पावसाळ्यात कुणीतरी हौशीनं रोपं घेऊन झाडं लावायला येतं! अहो, माळढोकाला लांबवरचं दिसायला मोकळं रान लागतं. झाडंच लावायची असतील तर आपल्या सोसायटीत लावा.

दुसरं म्हणजे माणसं. 1979 ला अभयारण्य झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले आणि सरकारवरचा राग पक्ष्यावर निघाला. पुढं क्षेत्र छाटून 1,222 वर आणलं, पण तोवर पक्षी बोटावर मोजण्याइतके उरले होते. मध्य प्रदेशात करेराला हेच झालं. माळढोक कधीच गेले, अभयारण्य मात्र कित्येक वर्षं कागदावर होतं.

म्हणून आधी कुत्र्यांचा बंदोबस्त करा, तारा जमिनीखाली घ्या, धनगरांना विचारून चराईच्या पाळ्या लावा. आणि माळालगत ज्वारी-भुईमूग घेणाऱ्या शेतकऱ्याला फवारणी न करण्याचे रोख पैसे द्या. नाकतोडे मेले तर पिल्लू खाणार काय? बागायतीला अनुदान मिळतं, मग माळ राखणाऱ्यानं फुकट का राखावा?

'त्या पाखरांना इथलं ऊन सोसेल का' असं कालच एकानं विचारलं. जैसलमेर म्हणजे काय महाबळेश्वर आहे का राव?

वनखात्यातली दोन-तीन मंडळी माझ्या लिस्टमध्ये आहेत. माळ राखणाऱ्या शेतकऱ्याला एकरी किती देणार, ते खाली कमेंटमध्ये लिहिलंत तरी चालेल.