रेकॉर्डिंग ‘फुगतं’ ते बॉक्समुळे नव्हे

सध्या कोल्हापुरात पेठेपेठेतल्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलेला एक तासाचा कार्यक्रम कधी ९०० एमबी जागा घेतो, कधी साडेतीन जीबी. तास तर तेवढाच. म्हणजे ही कंपन्यांनी बॉक्समध्ये बसवलेली चलाखी आहे, डिस्क लवकर भरावी आणि तुम्ही मोठा बॉक्स घ्यावा म्हणून. खाली नेहमीप्रमाणे घरगुती उपाय आणि ‘सर्वांना पाठवा’.

आकडे लिहिणाऱ्यानं बरोबर टिपलेत. फरक खरा आहे. त्याचं कारण मात्र साफ चुकलंय. एकेक मुद्दा घेऊ.

‘एक तास म्हणजे एक तास, जागा सारखीच लागायला हवी.’

कॅसेटच्या काळात हे बरोबर होतं. फीत ठरल्या वेगानं फिरायची. समोर कुस्ती चाललीय की बातम्या, तिला फरक पडत नव्हता. डिस्कवर मात्र साठतात ते बिट, म्हणजे ० किंवा १ अशा खुणा (आठ बिटांचा एक बाइट), आणि सेकंदाला किती बिट आले यावर जागा ठरते. सेकंदाला १ मेगाबिट दरानं येणारा प्रवाह तासाला ४५० एमबी जागा घेतो. म्हणजे २ मेगाबिटनं येणारी साधी एसडी वाहिनी तासाला ९०० एमबी आणि ८ मेगाबिटची एचडी वाहिनी ३.६ जीबी. मेसेजमधले दोन्ही आकडे इथंच सापडले, चलाखी शोधायची गरज पडली नाही.

उलट नवल वाटायचं तर या जागा इतक्या कमी कशा, याचं वाटायला हवं. आपल्याकडच्या एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रं येतात. रंगाचा तपशील थोडा कमी साठवण्याची नेहमीची काटकसर धरूनही हे चित्र दाबून लहान न करता साठवलं, तर तासाला सुमारे ५६ जीबी लागतील. एचडीला २८०. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर दोन तासांचा सामनासुद्धा मावणार नाही. तो मावतो, कारण चित्रातली पुनरुक्ती आधीच काढून टाकलेली असते. त्या गणिताच्या मुळाशी जे रूपांतर आहे, ते १९७४ साली छापून आलं. मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद मूळचे बेंगळुरूचे. हे मेसेजात कुणी लिहीत नाही. असो.

‘बॉक्स मुद्दाम मोठी फाइल बनवतो.’

डीटीएचचा बॉक्स फाइल ‘बनवत’च नाही. चित्र दाबण्याचं काम उपग्रहाकडे पाठवण्याआधी, प्रसारण केंद्रातल्या एन्कोडर नावाच्या यंत्रावर होतं. तिथून ते १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांत येतं. बॉक्स त्या गर्दीतून तुम्ही निवडलेल्या वाहिनीची पाकिटं वेगळी काढतो आणि होती तशी डिस्कवर टाकतो. दर्जा वाढवण्याचं किंवा कमी करण्याचं यंत्र त्याच्यात सहसा नसतंच. म्हणून तर त्याच्या मेनूमध्ये ‘रेकॉर्डिंगचा दर्जा’ असा पर्याय दिसत नाही.

गोंधळ कुठून झाला असेल याचा अंदाज आहे. १९९९ साली अमेरिकेत आलेला टिवो हा रेकॉर्डर जुन्या पद्धतीचा सिग्नल घेऊन स्वतःच एन्कोड करायचा, त्यामुळे दर्जा निवडता यायचा आणि जागाही त्याप्रमाणे लागायची. आणि आपल्या गुजरीतल्या सराफ दुकानांत कॅमेऱ्यांना जोडलेला जो डीव्हीआर असतो, त्यातही रिझोल्यूशन, फ्रेम, बिटरेट सगळं मालकाला ठरवता येतं. घरातल्या रेकॉर्ड करणाऱ्या बॉक्सलाही डीव्हीआरच म्हणतात. नाव एकच, काम निराळं. दुकानातल्या डीव्हीआरचा नियम घरातल्या बॉक्सला लावला की असे मेसेज जन्माला येतात.

‘वाहिनी तीच, वेळ तेवढाच, तरी दोन दिवसांचे आकार वेगळे. हा तर पुरावाच!’

मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, म्हणून इथं जरा थांबू.

एन्कोडर दर सेकंदाला २५ पूर्ण चित्रं पाठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतो आणि त्यानंतर फक्त काय बदललं ते सांगतो : हा तुकडा डावीकडे सरकला, तो आहे तिथंच आहे. स्टुडिओत बसून बातम्या देणारी व्यक्ती म्हणजे एन्कोडरची चैन. ओठ, पापण्या आणि खालची पट्टी सोडली तर हलतंय काय? आता खासबागेतली कुस्ती घ्या. दोन मल्ल एकमेकांत गुंतलेले, माती उडतेय, मागे गच्च भरलेलं मैदान उठून उभं राहतंय. बदललेल्या तुकड्यांची यादीच इतकी मोठी होते की बिट भराभर खर्ची पडतात. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच असली की चेंडूमागे कॅमेरा धावतो आणि सगळं गवत, सगळी गॅलरी एकदम सरकते. सगळं एकाच दिशेला सरकतंय तोवर तरी एन्कोडरला ‘एवढं डावीकडे’ म्हणून भागवता येतं. गोल झाला आणि पब्लिक उसळलं की तेही जमत नाही.

आणि खरी परीक्षा जोतिबाची. चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीवर सासनकाठ्या नाचत असताना हवेत जो गुलाल उधळतात, त्याचा कण न् कण वेगळ्या दिशेला जातो. आधीच्या चित्रावरून पुढच्याचा अंदाजच बांधता येत नाही. त्या वेळी पडद्यावर चौकोनी ठोकळे दिसू लागले, तर बिट कमी पडलेत एवढंच समजायचं.

शांत दृश्य म्हणजे कमी जागा, असा सरसकट नियमही करू नका. अंबाबाईच्या किरणोत्सवात कॅमेरा एका जागी, मूर्ती स्थिर, प्रकाश हळूहळू वर चढणारा. काम सोपं वाटतं. पण गाभाऱ्यातला अंधार टिपताना कॅमेऱ्यात बारीक दाणेदार खळबळ उमटते, आणि ती खळबळ म्हणजे खरा बदल की नुसता दोष, हे एन्कोडरला नेहमी उमगत नाही. तिच्यावरही बिट जातात.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरवरून, म्हणजे सिग्नल घेऊन खाली पाठवणाऱ्या संचावरून, अनेक वाहिन्या एकत्र येतात आणि मिळून सेकंदाला साधारण ४० ते ६० मेगाबिट वाटून घेतात. ही वाटणी पुष्कळदा कायमची ठरलेली नसते, क्षणाक्षणाला बदलते. आपल्याकडच्या पाणीपुरवठा संस्थेच्या पाइपलाइनसारखं आहे हे : मोटर एकच, पाणी ठरलेलं, पण एकाच्या उसाला जास्त सोडायचं तर दुसऱ्याचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा लागतो. तुमची मालिका चालू असताना त्याच ट्रान्सपॉन्डरवरच्या शेजारच्या वाहिनीवर क्रिकेट रंगलं असेल, तर मालिकेच्या वाट्याला कमी बिट येतील आणि फाइल लहान होईल. दुसऱ्या दिवशी क्रिकेट नाही, तर तीच मालिका जाडजूड. कथानकात काही घडलं नसलं तरी! काही वाहिन्या ठरावीक दरानंच पाठवल्या जातात. त्यांचे आकार रोज जवळजवळ सारखे येतात, आणि त्या कुणी मेसेजात घेत नाही.

यात बॉक्सची एक सवयही मिसळा. शेवट कापला जाऊ नये म्हणून बरेच बॉक्स वेळेच्या थोडं आधी सुरू होतात आणि नंतर थांबतात. अर्ध्या तासाच्या मालिकेला दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं जोडली तर रेकॉर्डिंग ४० मिनिटांचं झालं. एकतृतीयांश जागा तिथंच वाढली.

‘शेजाऱ्यांकडे तोच सामना निम्म्या जागेत बसतो.’

बसत असेल. त्यांची सेवा वेगळी असेल तर एन्कोडरही वेगळा. चित्र दाबण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीला जेवढे बिट लागतात, त्याच्या साधारण निम्म्यात २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत तोच दर्जा देते. आपल्याकडे या दोन्ही पद्धती अजून नांदतायत. डीडी फ्री डिशवर तर शेजारीशेजारी. एका घरात एचडी आणि दुसऱ्यात एसडी लावलं असेल तर बोलायलाच नको.

‘आवाज आणि ब्राइटनेस कमी ठेवा, जागा वाचेल.’

नाही वाचणार. पाकिटं डिस्कवर जातात ती टीव्हीपर्यंत पोचायच्या आधी. टीव्ही बंद असला तरी आकार तोच. हिंदी आणि इंग्रजी अशी दोन्ही समालोचनं येत असतील तर बॉक्स अनेकदा दोन्ही साठवतो, पण चित्रापुढे आवाजाचा वाटा किरकोळच.

‘पावसात आकार कमी होतो. म्हणजे बॉक्सला कमी जागेत जमतं, कंपनीच जमू देत नाही.’

जुलैतला कोल्हापूरचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्यानं तरी हे लिहायला नको होतं. डीटीएचचा सिग्नल केयू बँड या उच्च कंप्रतेच्या लहरींवर येतो आणि मुसळधार पाऊस तो शोषून घेतो. पाकिटं पोचतच नाहीत, मग ती साठणार कशी? फाइल लहान झाली म्हणजे मधली मिनिटं गायब आहेत. लावून बघा, कळेल.

‘५०० जीबी म्हणून विकतात आणि आत ४६५ च!’

डिस्क बनवणारे हजारानं मोजतात, बरीच यंत्रं १०२४ नं. ५०० अब्ज बाइट दुसऱ्या मापानं ४६५ भरतात. बाइट एकही कमी नाही. त्याशिवाय चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता यावा म्हणून बॉक्स काही भाग स्वतःकडे राखून ठेवतो. तो भाग किती, हे खोक्यावर स्पष्ट छापत नाहीत ही तक्रार मात्र रास्त आहे. ‘इतके तास शिल्लक’ हा पडद्यावरचा आकडाही सरासरीवरून बांधलेला अंदाज असतो. एचडी सामने टिपत गेलात तर तो झरझर उतरणार.

मेसेजचा शेवट ‘ग्राहक मंचात जा’ असा आहे. फाइलच्या आकारावरून गेलात तर हात हलवत परत याल. भांडायचंच असेल तर कुलपावरून भांडा. बहुतेक डीटीएच बॉक्समध्ये रेकॉर्डिंग त्याच बॉक्सच्या सांकेतिक किल्लीनं बंद केलेलं असतं. बॉक्स बिघडून बदलला की जुन्या डिस्कवरचं काहीही नव्या बॉक्सवर चालत नाही, संगणकाला जोडूनही नाही. घरातल्या कुणाची टीव्हीवर झालेली मुलाखत, गावच्या यात्रेचं प्रक्षेपण, सगळं त्याच्यासोबत जातं. एवढ्या लांबलचक मेसेजात याबद्दल एक ओळ नाही.