सेंट ट्रिनियन्समध्ये फातिमाच्या वाट्याला खोड्या का नाहीत?

जुन्या विनोदी चित्रपटात कोणत्या वंशाची किती माणसे दिसतात हे मोजून त्याला पास किंवा नापास ठरवण्याची पद्धत मला पटत नाही. फ्रँक लाँडर दिग्दर्शित ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ (१९५४) हा ब्रिटिश चित्रपट अशा मोजणीत कदाचित तरूनही जाईल, कारण त्याचे कथानकच एका अरब राजकन्येच्या शाळाप्रवेशाने सुरू होते. माक्याद या काल्पनिक देशाचा सुलतान आपल्या मुलीला, फातिमाला, सेंट ट्रिनियन्स या मुलींच्या इंग्लिश निवासी शाळेत घालतो, ते तिथल्या शिक्षणाची कीर्ती ऐकून नव्हे, तर त्याच्या शर्यतीच्या घोड्यांचा तबेला जवळ आहे म्हणून. मग कर्जात बुडालेल्या मुख्याध्यापिका मिस फ्रिटन, त्यांचा सट्टेबाज भाऊ क्लॅरेन्स आणि मुली, साऱ्यांचे लक्ष सुलतानाच्या ‘अरब बॉय’ या घोड्याकडे लागते. फातिमाकडून घोड्याची खबर काढता यावी म्हणून क्लॅरेन्स शाळेतून हाकललेल्या आपल्या मुलीलाही परत भरती करवतो.

माझा आक्षेप इथे आहे. रोनाल्ड सर्ल यांच्या व्यंगचित्रांतून १९४१ मध्ये जन्मलेल्या या शाळेचा सारा विनोद असा, की ज्या मुलींनी शालीन असावे अशी अपेक्षा, त्या प्रयोगशाळेत जिन गाळतात, हॉकीच्या मैदानावर युद्ध मांडतात आणि पळवलेला घोडा खुशाल शयनगृहात लपवतात. व्रात्यपणा हाच तिथला खरा मान आहे, आणि नेमका तोच फातिमाच्या वाट्याला जवळजवळ येत नाही. ती खबर पुरवणारी आणि तिचा बाप पैशाची थैली, एवढेच त्यांचे काम. सुलतानाची भूमिकाही व्हिएन्नात जन्मलेल्या एरिक पोलमन यांच्याकडे आहे. ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन प्रवासी १९४८ मध्येच इंग्लंडला उतरले होते. सहा वर्षांनंतरच्या या शाळेत मात्र परकेपणा येतो तो केवळ श्रीमंत, दूरदेशी आणि सहज लुबाडता येण्याजोगा होऊन.

स्त्रियांच्या बाबतीत चित्रपट कितीतरी उदार आहे. जॉइस ग्रेनफेल, हर्मायोनी बॅडली, बेरिल रीड, आयरीन हँडल अशा कसलेल्या विनोदी अभिनेत्री एकाच चित्रपटात क्वचितच भेटतात. तरीही मिस फ्रिटन साकारल्या त्या अ‍ॅलेस्टर सिम या पुरुषाने, आणि भाऊही त्यांनीच. यामागे पँटोमाइम या ब्रिटिश नाट्यप्रकारातली, पुरुषाने विनोदी बाई साकारण्याची जुनी परंपरा आहे, आणि सिम बाईपणाची टिंगल न करता एक चतुर, थकलेली, बेरकी बाई उभी करतात, म्हणून मला ती निवड खटकत नाही. मात्र इतक्या अभिनेत्री हाताशी असताना मध्यवर्ती भूमिका पुरुषाकडे गेली, ही नोंद करायलाच हवी.

२००७ च्या नव्या आवृत्तीत श्रीमंत, नखरेल मुलींच्या टोळक्यात पीचेस ही मुलगी आहे आणि ती भूमिका श्रीलंकन तमिळ वंशाच्या अमारा करण यांनी केली आहे. ती मैत्रिणींइतकीच उथळ, आत्ममग्न आणि हास्यास्पद आहे. फातिमाला जे मिळाले नाही ते तिला मिळाले. मात्र त्याच चित्रपटात कामगारवर्गीय मुलींची ‘चॅव’ या हेटाळणीच्या ब्रिटिश शब्दाने वेगळी टोळी करून त्यांची बोली आणि कपडे यांवर सरसकट हशा पिकवला आहे, आणि त्याबद्दल तक्रार करणारे मला फारसे भेटलेले नाहीत.