व्हाउचरसाठी नोकरी न सोडणाऱ्या मैत्रिणीसाठी

गेल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. दुसरीकडे चांगली नोकरी मिळतेय, पण चाइल्डकेअर व्हाउचर जातील म्हणून तिचा पाय निघत नाही. मला माझं २०१९ साल आठवलं. तेव्हा याच कारणासाठी मी वर्षभर कुठेही अर्ज केला नव्हता.

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी सांगते. पगारातला काही भाग प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) कापण्याआधीच मुलांच्या सांभाळासाठी बाजूला काढायचा, म्हणजे व्हाउचर. २० टक्के कर भरणाऱ्यांना महिन्याला २४३ पौंडांपर्यंत. तेव्हा वर्षाला ९३३ पौंड वाचायचे, दोघांच्या कंपन्यांत योजना असेल तर दुप्पट. ४ ऑक्टोबर २०१८ नंतर नवीन कुणाला घेणं बंद झालं. जे आधीपासून होते त्यांचं चालू राहिलं, पण नोकरी बदलली की संपलं.

मी शेवटी बदलली. मुलगी तीच, नर्सरी तीच, फी तीच, आणि सवलत मात्र गेली! ती मुलीसाठी होती की जुन्या कंपनीसाठी, हा प्रश्न मला आजही छळतो.

मुळात योजना ठेवायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर होतं. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना ती नव्हतीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कपातीनंतरचा पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये, असा नियम. नियम कामगाराच्या रक्षणाचाच, पण त्यामुळे ऑफिसची साफसफाई करणारी आई बाहेर आणि त्याच ऑफिसात खुर्चीवर बसणारी मी आत. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं.

म्हणून सरकारची नवी योजना, टॅक्स-फ्री चाइल्डकेअर, मला जास्त न्याय्य वाटते. तिथे खातं आईवडिलांचं असतं. तुम्ही ८ पौंड भरा, सरकार २ घालतं, एका मुलामागे वर्षाला २,००० पर्यंत. मालकाचा संबंध नाही. तीही निर्दोष नाही म्हणा. दोघंही कमावते हवेत, एकाचंही उत्पन्न १,००,००० पौंडांवर गेलं की बंद, आणि मूल ११ वर्षांचं झालं की पुढच्या १ सप्टेंबरला संपते. व्हाउचर १५ पर्यंत चालतात. त्यामुळे मोठ्या मुलाच्या शाळेनंतरच्या क्लबचाच खर्च असेल तर व्हाउचर घाईने सोडू नका. एकदा नव्या योजनेत गेलात की परत येता येत नाही.

मैत्रिणीचं गणित मात्र वेगळं निघालं. नॅशनल इन्शुरन्स आता ८ टक्के, त्यामुळे तिचे वर्षाला जेमतेम ८१६ पौंड वाचतात. नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय, म्हणजे त्याला व्हाउचर नाहीतच. धाकट्याच्या नर्सरीचं वर्षाचं बिल १०,००० च्या वर. नव्या खात्यात तिला पूर्ण २,००० मिळाले असते, आणि ही ८१६ साठी चांगली नोकरी नाकारत होती. फोनवर बराच वेळ ती काही बोललीच नाही.

काल तिने नव्या योजनेचा अर्ज भरला. त्यानंतर ९० दिवसांच्या आत व्हाउचर थांबवायला मालकाला लेखी कळवावं लागतं. ते पत्र आणि राजीनामा ती सोमवारी एकदमच देणार आहे.