एस-नाईनची खरखर आणि शेजारधर्म

हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्याची परीक्षा पास झालात, लायसन्स आलं, व्हीयू३ वाली कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळाली, घरच्यांना ‘स्वस्तात मिळाला’ असं सांगून रेडिओ आणलात, बाल्कनीच्या ग्रिलमधून वायर बाहेर सोडलीत आणि सगळे झोपल्यावर ४० मीटर बँड, म्हणजे सात मेगाहर्ट्झचा पट्टा, लावलात. कोणी बोलत नाहीये तरी सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा नऊवर. कानात असा आवाज की कोणीतरी पोह्यांचा डबा सतत हलवतंय. घाबरू नका, रेडिओ बिघडलेला नाही. तुम्ही मुंबईत राहता, एवढंच.

एस-नाईन म्हणजे एचएफवर (शॉर्टवेव्हवर) ५० मायक्रोव्होल्ट, आणि खालची प्रत्येक पायरी ६ डीबीची, म्हणजे पॉवर चौपट कमी. म्हणजे कोइमतूरचा कोणी बिचारा तुमच्याकडे एस-फाईव्हने पोचत असेल तर तो खरखरीच्या २४ डीबी खाली, अडीचशे पट कमी पॉवरने बोलतोय. दादरला संध्याकाळी सहा वाजता पुलावर कोणी कानात कुजबुजावं तसं. ही खरखर कमी कशी करायची यावर मी गेली बारा वर्षं प्रयोग करतोय, त्यामुळे सल्ला द्यायचा मला अधिकार आहे. खरखर तेवढीच आहे, पण अधिकार आहे.

सगळ्यात आधी लोकलला दोष द्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, म्हणजे आरोपी शंभर वर्षं जुना, आधी १५०० व्होल्ट डीसी होती, मग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी झाली, हार्बरचं काम २०१६ ला उरकलं, आणि पँटोग्राफ तारेला घासताना ठिणगी उडते हे तर उघड्या डोळ्यांनी दिसतं, पावसात तर निळीशार. अजून पुरावा काय हवा. शिवाय लोकलला दोष देण्यात सोय अशी की ती बंद करा असं कोणी कोणाला सांगू शकत नाही, म्हणजे आपल्यालाही काही करावं लागत नाही. फक्त एक पथ्य पाळा, रात्री एक ते चारच्या मधे रेडिओ लावू नका. त्या वेळात लोकल बंद असतात आणि खरखर बंद नसते.

लोकलने समाधान झालं नाही तर शेजारी आहेतच. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, टीव्हीचा डबा, सगळ्यांच्या पोटात एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगवाला पॉवर सप्लाय, असतो, तो सेकंदाला पन्नास हजार, लाख वेळा वीज चालू-बंद करतो, आणि एवढ्या झटक्याने तोडलेली वीज मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीपटीत थेट एचएफपर्यंत शिंतोडे उडवत जाते. म्हणून बँडवर ठराविक अंतराने खरखरीचे ढीग दिसतात, साठ किलोहर्ट्झवर एक, पुढच्या साठवर अजून एक, आणि वस्तू तापत गेली की सगळे ढीग हळूहळू सरकायला लागतात. चांगल्या चार्जरमधे हे शिंतोडे अडवायला चोक (तारेचं वेटोळं) आणि कपॅसिटर असतात. लोकलमधे शंभर रुपयांना मिळणाऱ्या चार्जरच्या बोर्डवर पण त्यांची जागा छापलेली असते, फक्त चोकच्या जागी वायरचा तुकडा टाकून दिलेला असतो. असल्या खरखरीला मर्यादा किती असावी यावर सीआयएसपीआर नावाची आंतरराष्ट्रीय समिती १९३४ सालापासून बसलेली आहे. चार्जरला हे कोणी सांगितलेलं नाही.

तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे जा. रविवार दुपार, दोन ते चार, ही वेळ उत्तम. मी गेलो होतो. म्हटलं, काका, तुमच्या हॉलमधल्या बल्बमुळे मला रशिया ऐकू येत नाही. काका बनियनवर होते, त्यांनी आधी बल्बकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“रशियाशी तुझं काय काम असतं रे?”

म्हटलं काम असं काही नाही, तुम्ही ऐकू येताय एवढंच एकमेकांना सांगायचं.

“मग फोन कर ना.”

या वाक्याला आजवर कुठल्याच हॅमला उत्तर सुचलेलं नाही, मलाही सुचलं नाही, मी जिना चढून वर आलो. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी साहेब लिफ्टमधे म्हणाले, तुमच्या त्या मशीनमुळे आमच्या टीव्हीत मुंग्या येतात. सेट-टॉप बॉक्सवर मुंग्या येत नसतात, अडकलंच तर चित्राचे चौकोन होतात, पण हे लिफ्टमधे सांगू नका, लिफ्ट लहान असते. आणि गच्चीची परवानगी विसराच. ४० मीटर बँडची डायपोल अँटेना म्हणजे जेमतेम वीस मीटर वायर, पापड-कुरडयांच्या दिवसात गच्चीवर याहून जास्त दोऱ्या असतात, पण त्या दिवसापासून माझ्या वायरला सगळे ‘टॉवर’ म्हणायला लागले आणि एजीएममधे टॉवरच्या रेडिएशनवर चाळीस मिनिटं चर्चा झाली. त्यातली तीस मिनिटं लिकेजवर झाली, ती गोष्ट वेगळी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वतःच्या घराचा मेन स्विच कधीही बंद करून बघू नका.

काही भाबडे लोक काय करतात, रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावतात, मेन खाली ओढतात, काटा बघतात, मग एकेक एमसीबी वर करत जातात आणि कुठल्या एमसीबीला काटा उडाला ते कागदावर लिहितात. मग त्या खोलीतला एकेक प्लग काढत बसतात. याला एक बॅटरी आणि अर्धा तास लागतो, खर्च शून्य, आणि फुकटच्या गोष्टीवर शहाण्या माणसाने विश्वास ठेवू नये. मी एकदा ठेवला. मेन ओढला आणि काटा नऊवरून धाडकन चारवर. पाच पायऱ्या, ३० डीबी, म्हणजे हजारातले नऊशे नव्व्याण्णव हिस्से खरखर माझ्याच सहाशे स्क्वेअर फुटात तयार होत होती आणि मी काकांच्या दारात जाऊन आलो होतो.

तरी तुम्हाला हौस असेल तर काय सापडतं ते सांगून ठेवतो. राऊटरचा अडॅप्टर. मुलाच्या लॅपटॉपचा चार्जर. इथरनेटची वायर, जी १४.०३० मेगाहर्ट्झवर गुणगुणते, म्हणजे २० मीटरवर मोर्सवाले जिथे लांबलांबचे देश शोधत बसतात बरोब्बर तिथेच. बीएलडीसी पंखा, जो वीज वाचवतो म्हणून मीच हट्टाने बसवून घेतला. आणि देवघरातली लुकलुकणारी माळ, जिच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर काटा नाचतो, गणपतीत तर तिच्या जोडीला मखराच्या अजून सहा येतात. ही माळ काढली की बँड बराच साफ होतो. मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, देवासमोरचा दिवा विझवून तू ऐकणारेस तरी काय? त्यावर चर्चा संपली, ती खरखर पवित्र समजायची आणि पुढे जायचं.

आणि सगळ्यात मोठा ढीग कोणाचा माहितीये? रेडिओच्या खाली ठेवलेला १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय, रेडिओचाच. जुना ट्रान्सफॉर्मरवाला होता तो आठ किलोचा, मुका बिचारा, पण केर काढताना हलत नाही म्हणून बायकोची रोज कटकट, शेवटी भंगारात घातला आणि हलका एसएमपीएसवाला आणला. हलका आहे खरंच. हे असं काही कळलं की माणूस खचतो, म्हणून म्हटलं, मेनला हात लावू नका.

त्यापेक्षा पैसे खर्च करा, मन शांत होतं. लॅमिंग्टन रोडला जा (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर तुमचा दिवस तिथेच जाईल) आणि फेराईट (वायरवरची खरखर अडवणारं काळं चुंबकी मटेरियल) मागा. जाणकार सांगतील की खालच्या एचएफ बँडला ३१ नंबरचं मिक्स चांगलं, ४३ वरच्या बँडला बरं, पण फुटपाथवर सगळं फेराईट काळंच असतं, तेव्हा नंबर विचारून कोणाला लाजवू नका. क्लिपवाले मणी घ्या. प्रत्येक वायरला एकेक मणी, वायर आतून एकदाच. सात मेगाहर्ट्झवर त्याने जवळजवळ काही होत नाही, चोकचा जोर वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, दहा वेढे म्हणजे साधारण शंभर पट, पण दहा वेढ्यांना मोठी रिंग लागते, लांब वायर लागते, डोकं लागतं. मण्याला नुसती टिचकी लागते. माझ्याकडे ६२ मणी आहेत, कपडे वाळत घालायच्या दोरीवर पण दोन आहेत, ते तिथे कसे गेले मला आठवत नाही.

कोणी तुम्हाला सांगेल की घरातली घाण कोअ‍ॅक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून चढत जाते आणि अँटेनाच्या टोकाला आत शिरते, त्यामुळे चोक तिथे वर हवा, रेडिओपाशी लावून अर्धंच काम होतं. त्याला ‘हो बघतो’ म्हणा. तिथे पोचायला ग्रिलच्या बाहेर लटकावं लागतं.

मग रेडिओवरचं नॉईज रिडक्शन आहे, ते पूर्ण फिरवा. खरखर जाते. समोरचा माणूस पण जातो, माठात तोंड घालून बोलल्यासारखं काहीतरी उरतं, त्याला फाईव्ह-नाईन, म्हणजे ‘एकदम स्पष्ट, एकदम जोरात’, असा रिपोर्ट द्या, सगळेच देतात. लूप अँटेना पण घ्या. तिच्या ऐकण्याचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, दोन दिशांना कान आणि दोन दिशांना ठार बहिरी, त्या बहिऱ्या दिशेला नल म्हणतात, तो खरखरीच्या उगमाकडे वळवायचा की खरखर खाली बसते. शेतात एकच मोटर असेल तर फार उपयोगी. आमच्याकडे खरखर आठही दिशांनी येते, त्यामुळे हा नल पण आपल्या नळासारखाच, धरून बसायचं आणि पाच मिनिटं आला तर आनंद मानायचा.

आणि खरखर शोधणाऱ्याला कमी लेखू नका हां. कार्ल जान्स्की म्हणून बेल लॅबमधे एक तरुण इंजिनियर होता, त्याला काम दिलेलं की अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनमधे खरखर कुठून येते ते शोध. त्याने २०.५ मेगाहर्ट्झची भलीमोठी अँटेना फोर्डच्या मोटारीच्या चाकांवर बसवली, गोल गोल फिरवली, विजांची खरखर बाजूला काढली, तर उरली एक बारीक सिसकारी, जी रोज चार मिनिटं लवकर यायची, म्हणजे सूर्याच्या नाही, ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होती. आकाशगंगाच निघाली ती. १९३३ साली त्याने हे जाहीर केलं आणि तिथून रेडिओ खगोलशास्त्र सुरू झालं. मी पण माझी लूप फिरवत असतो. आतापर्यंत मला तळमजल्यावरचा पाण्याचा पंप सापडलाय.

पुढे त्याच शास्त्रापायी गोविंद स्वरूप यांनी जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची दुर्बीण उभी केली, आणि जागा ठरवताना एक मोठं कारण हेच होतं की तिथे माणसांनी केलेली रेडिओची खरखर कमी. बघा म्हणजे, त्यांची संस्था टीआयएफआर कुलाब्याला, समुद्राचा वारा, सगळी सोय, पण ऐकायचं म्हटल्यावर एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी सुद्धा फेराईटचे मणी लावत न बसता सरळ गाव सोडलं. मी बायकोला म्हटलं, नारायणगावला एक छोटी खोली बघूया का भाड्याने, शनिवार-रविवारपुरती. ती म्हणाली, अहो, तमाशाला जायचं असेल तर सरळ सांगा.

ते जमलं नाही तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा रिसीव्हर २००८ साली इंटरनेटवर आलाय, ब्राउझरमधे उघडायचा, अँटेना त्यांची, शांतता पण त्यांची. बोलायचं मुंबईतून आणि ऐकायचं नेदरलँड्समधून. त्यासाठी फक्त राऊटर चालू ठेवावा लागतो, ज्याच्या अडॅप्टरमुळे मुळात ऐकू येत नव्हतं.

एक दिवस मात्र मी खरंच ऐकलंय. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. ग्रिड बसली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची लाईट एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. कोरोनाचे दिवस, सगळे घरीच, कोणाचं ऑफिस कोणाची ऑनलाईन परीक्षा, बिल्डिंगभर आरडाओरडा, आणि मी पळत रेडिओकडे. बॅटरी जोडली, ४० मीटर लावला. काटा एकवर. मला आधी वाटलं वायर सुटली. मग बंगळुरूकडचे एक आजोबा, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्यासारखे, आज इडलीबरोबर चटणी कशी जमली नाही ते सांगत होते, आणि दोन वाक्यांच्या मधे त्यांनी घेतलेला श्वास ऐकू येत होता. बारा वर्षांत मी पहिल्यांदा कोणाचा श्वास ऐकला.

मग बेल वाजली.

मुंबईत लाईट जात नाही म्हणून आमच्या बिल्डिंगमधे इन्व्हर्टर कोणाकडेच नाही. माझ्याकडे होता, बंद करून ठेवला होता, आणि आणीबाणीत हॅमच कामाला येतो हे त्या टॉवरच्या एजीएममधे मीच छाती पुढे काढून सांगितलं होतं. दारात मास्क लावून काका. “अरे, एवढा फोन लावतोस का चार्जिंगला, मुलगा पुण्याला आहे, काळजी करत बसेल.” नाही कसं म्हणणार. इन्व्हर्टर चालू केला, काटा एकवरून पाचवर. काकांचा फोन लावला, सहा. मागोमाग सेक्रेटरी साहेब, मुलीचा लॅपटॉप घेऊन, तिचा पेपर अर्धवट राहिलेला. काटा पावणेसातवर. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी तर तीन फोन आणि स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्डच घेऊन आल्या, म्हणाल्या तुमच्याकडे कमी पडायला नको.

अकरा वाजता माझ्या टेबलाखाली चौदा चार्जर होते, अख्ख्या शहराची खरखर बंद आणि जी काय शिल्लक ती माझ्या खोलीत, काटा नऊच्याही पुढे टेकलेला. आजोबा बोलत असतील अजून. काका फोन चार्ज होईपर्यंत बसतो म्हणाले, खुर्ची ओढून घेतली, स्पीकरजवळ कान नेला, बराच वेळ मन लावून ऐकलं आणि म्हणाले,

“हाच का रे तुझा रशिया?”