सहा महिन्यांत जर्मन येते म्हणे

आठवड्यापासून गल्लीच्या, शाळेच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या अशा तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. "जर्मनीत बाहेरून आलेल्याला सहा महिन्यांत भाषा शिकावीच लागते, नाही आली तर विमानात बसवून परत पाठवतात, सरकार एक रुपया खर्च करत नाही. आणि आपल्याकडं परप्रांतीय वीस वर्षं राहून मराठीचा एक शब्द शिकत नाहीत, कारण त्यांना शिकायचंच नाही." मराठी यावी असं मलाही वाटतं, लई वाटतं, पण म्हणून काहीही ठोकून द्यायचं का?

सहा महिन्यांचं आधी बघू. २०२४ ला आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्यासोबत तिकडं कामाला माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून इकडं जर्मनचं वारं सुटलंय, माझी भाची पण परभणीहून संभाजीनगरला येऊन शिकायलीय. नर्सिंग झालंय तिचं, तिकडं नर्स म्हणून बी टू लेव्हल मागतात (भाषेच्या पायऱ्या ए वन, ए टू, बी वन, बी टू अशा चढत जातात). सकाळी क्लास, दुपारी अभ्यास, मेसचा डबा, दुसरं काही काम नाही, बापानं सोयाबीनचे पैसे त्यात घातलेत, आणि आठ महिने झाले तरी पोरगी बी वनवर अडकलीय. जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! "मामा, मुलगी नपुंसकलिंगी कशी काय ओ?" म्हणून फोन करती, मी काय सांगणार.

खुद्द जर्मनीतला सरकारी इंटिग्रेशन कोर्स म्हणजे ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास वगैरे. एवढं करून टारगेट काय, तर बी वन, म्हणजे रोजचं भागेल इतकी भाषा. बरेच जण तिथवरही पोचत नाहीत, ए टूवर थांबतात, अशांना आधी अजून ३०० तास मिळायचे. कोर्स सक्तीचा असून मुद्दाम दांडी मारली तर सरकारी भत्ता कापतात, राहण्याचं परमिट वाढवताना अडचण येते, हे खरंय. पण परीक्षेत नापास झाला म्हणून विमानात बसवला, असं नसतं.

खर्चाचं तर साफ खोटं. भत्त्यावर जगणाऱ्याला फी माफ, कमावणाऱ्याकडून निम्म्याच्या आसपास, बाकी सरकारी तिजोरीतून. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचे वर्ग वेगळे. आणि हे सगळं कधीपासून, तर २००५ पासून! तुर्कस्तानातून कामगार आणायचा करार १९६१ चा. मधली ४४ वर्षं असा कोर्स नव्हता, कारण त्यांना नावच 'पाहुणे कामगार' ठेवलं होतं, काम झालं की जातील असं धरलं होतं. १९७३ ला भरती बंद केली, पण माणसं राहिली, मागून बायकापोरं आली. मला हे वाचताना आमचं संभाजीनगरजवळचं कारखान्यांचं वाळूजच आठवायलं होतं. नेदरलँड्सनं तर २०१३ ला मेसेजवाल्याच्या मनातलंच करून बघितलं, तुमचं तुम्ही शिका, पैसे नसतील तर कर्ज घ्या. पास होणारे कमी झाले आणि २०२२ ला जबाबदारी परत नगरपालिकांकडं आली.

आता "शिकायचंच नाही". मी वाळूजला कंपनीत स्टोअरला आहे. बिहारची पोरं बारा तासाची शिफ्ट करतात, एका खोलीत सहा जण राहतात. मराठी बोलणार कुणाशी? सुपरवायझर आपलाच, गंगापूरचा, तो म्हणतो "ए भैया, वो पाना लेके आ, कायकू थांबा है". परवा भाजीवालीपाशी आमच्या लाईनवरचा बिहारमधल्या छपरा गावचा पोरगा उभा होता. एकदम नीट विचारलं त्यानं, "मावशी, कोथिंबीर कशी दिली?" मावशी म्हणली, "दस की जुडी." तो म्हणला, "पाचला द्या ना." मावशी, "नहीं परवडता." तिसऱ्या वेळेला गडी गप हिंदीवर आला. ह्यात शिकायचं कुणाला नव्हतं, सांगा बरं.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चौथी झालेले. जमिनीचे जुने कागद सगळे उर्दूत, २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा अख्खं गाव उर्दू वाचणारा माणूस हुडकत होतं. मराठी बोलायचे घरात, पण लिहायला ते तिशीत शिकले, गावात कंदिलावर रात्रीचा वर्ग चालायचा म्हणून शिकले.

पोरांसाठी २०२० चा कायदा आहे, सगळ्या शाळांत मराठी सक्तीची, आणि वाळूजजवळच्या रांजणगावात ह्याच लोकांची पोरं गल्लीत मराठीतून भांडतात, कान देऊन ऐका कधी. बापांचं काय? शिफ्ट सुटल्यावर जाता येईल असा मराठीचा वर्ग मी महिनाभर विचारत फिरलो, वाळूजमध्ये मला तरी सापडला नाही. जर्मनच्या क्लासचे बोर्ड मात्र बसस्टँडपासून घरापर्यंत चार मोजले.