लोनवर पाठवलं म्हणजे नारळ दिला?

आमच्या बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘मोठ्या क्लबने तरुण फुटबॉलपटूला खालच्या लीगमध्ये लोनवर धाडलं की समजा नारळ दिला. तिथला खेळ कुचकामी, पोराची वर्षं फुकट, आणि क्लब नुसता धंदा करतात.’ मला तो पोलो ग्राउंडवर सरावाला येणाऱ्या एका सोळा वर्षांच्या गोलकीपरच्या वडिलांनी पाठवला. आमच्या मोठ्या टीमने त्याला या मोसमापुरतं छोट्या टीमकडे खेळायला सांगितलंय. तेव्हापासून पोरगा मैदानावर फिरकलेला नाही, म्हणून लिहितोय.

आधी नारळाचं. लोन म्हणजे ठरावीक काळापुरतं दुसऱ्या क्लबकडे खेळायला देणं. लोनवर गेलेल्या खेळाडूचा करार मूळ क्लबकडेच राहतो, बरेचदा पगाराचा वाटाही तोच उचलतो. नको असलेली वस्तू माणूस देऊन टाकतो, उसनी देत नाही. मार्च 1995 मध्ये मँचेस्टर युनायटेडने 19 वर्षांच्या बेकहॅमला इंग्लिश लीगच्या चौथ्या स्तरावरच्या प्रेस्टनकडे पाठवलं. पहिल्याच सामन्यात तो बदली म्हणून उतरला आणि त्याचा कॉर्नर थेट जाळ्यात गेला. एप्रिलमध्ये तो युनायटेडकडून प्रीमियर लीग, म्हणजे सर्वात वरची लीग, खेळत होता.

‘कुचकामी’ हा शब्द मात्र मला फार लागला. खालच्या लीगमध्ये समोर तिशीतला स्ट्रायकर असतो, त्याचं घर त्या पगारावर चालतं. कॉर्नरला तो कोपर मारत अंगावर येतो आणि सतरा वर्षांच्या कीपरला त्याच गर्दीतून चेंडू उचलायचा असतो. वयोगटाच्या सामन्यांत हे शिकायला मिळत नाही. सुंदरलँडचा आणि पुढे इंग्लंडचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्ड लोनवर असाच घडला. जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचं डार्लिंग्टन, ते पाचव्या स्तरावर. मग आल्फ्रेटन, बर्टन, कार्लाईल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन. 2018 च्या वर्ल्ड कपमधलं कोलंबियाविरुद्धचं पेनल्टी शूटआउट पुन्हा बघा. कोलंबियाच्या बाक्काने किक मारली तेव्हा पिकफर्डचं अंग उजवीकडे झेपावलेलं होतं, तरी डावा हात वर गेला आणि चेंडू अडला.

वर्षं फुकट जातात का? कधीकधी जातातही, ते नाकारत नाही. टॉटनहॅमने लोनवर पाठवलेल्या स्ट्रायकर हॅरी केनचं नॉर्विचला पायाचं हाड मोडलं, 2013 मध्ये लेस्टरला तो बरेचदा बेंचवर बसून होता. पण त्याआधी, 2012 मध्ये, खालच्या डिव्हिजनमध्ये घसरायच्या बेतात असलेल्या मिलवॉलसाठी त्याने 9 गोल केले होते. पुढे टॉटनहॅमसाठी 280 केले, तो त्या क्लबचा विक्रम आहे.

धंद्याच्या आरोपात तथ्य आहे. काही क्लब डझनांनी खेळाडू लोनवर फिरवत. म्हणूनच फिफाने 2022 पासून आंतरराष्ट्रीय लोनला एक वर्षाची मर्यादा घातली आणि प्रत्येक क्लबसाठी अशा खेळाडूंची संख्या टप्प्याटप्प्याने सहावर आणली. क्लबने स्वतः घडवलेल्या 21 वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र संख्येच्या अटीतून वगळलं, कारण त्यांना खेळायला मिळालंच पाहिजे.

मोठ्या टीममध्ये आमचा पोरगा तिसरा कीपर होता. रविवारी छोट्या टीमची मॅच आहे, गोलमध्ये पूर्ण वेळ तोच उभा राहणार. काका, त्याला ग्लोव्हज घेऊन सकाळी साडेसहाला पाठवा.